१८ व्होल्ट द्या आणि निश्चिंत राहा

गिटारचा सिग्नल वाढवणारे आपले बूस्ट पेडल ९ व्होल्टवर चालत असेल, तर ते बनवणाऱ्याने काटकसर केली आहे, हे प्रथम मनाशी पक्के करावे. नवाचे अठरा केले की सूर दुप्पट खुलतो, हे इतक्या लोकांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितले आहे की, आता त्यासाठी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर बाहेर काढणे म्हणजे निव्वळ उद्धटपणा होय.

आरंभ इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ पासून करावा. न्यूयॉर्कमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या या पेडलात एकच ट्रान्झिस्टर असल्यामुळे ते बिघडवायला फार कष्ट पडत नाहीत. त्याच्या प्रचलित आराखड्यात ४३० आणि ४३ किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरवठ्याच्या व्होल्टेजचा अकरावा हिस्सा ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसकडे पाठवतात. उरलेल्या दोन पायांपैकी कलेक्टरला १० किलोओहम आणि एमिटरला ३९० ओहम जोडलेले असतात. ९ व्होल्टवर बेसच्या वाट्याला जेमतेम ०.८ व्होल्ट येतात, त्यांतले सुमारे ०.६ बेस-एमिटर जोडावरच खर्ची पडतात आणि उरलेल्या चिमूटभर व्होल्टेजवर अर्ध्या मिलीअँपिअरच्या आतबाहेर प्रवाह वाहून कलेक्टर साडेचार व्होल्टच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे सिग्नलला वर आणि खाली सारखीच मोकळीक मिळते.

आता १८ व्होल्ट द्यावेत. बेसकडे १.६ व्होल्ट इमानाने निघतील, पण ट्रान्झिस्टर आपला ०.६ चा वाटा काही दुप्पट करणार नाही. साहजिकच शिल्लक दुपटीवर न थांबता चौपटीच्याही पुढे जाईल, कलेक्टरचा प्रवाह दोन मिलीअँपिअरकडे धावेल आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकटाच २० व्होल्ट मागू लागेल. पुरवठ्यात मुळात आहेत १८. कलेक्टर तळाला चिकटेल, सिग्नलची खालची बाजू सपाट होईल. या आवाजाला ‘वाढीव हेडरूम’, म्हणजे सिग्नलला न कापता मिळणारी जादा मोकळीक, म्हणावे. बेसचा रेझिस्टर बदलून बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचे ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज, नव्याने लावता येतो, असे सांगणारे भेटतील, पण त्यासाठी पेडल उघडावे लागते आणि आकडेमोडही करावी लागते.

ऑप-अॅम्पच्या, म्हणजे सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी तयार अॅम्प्लिफायर चिप असलेल्या, पेडलांत १८ व्होल्टचा खरोखर उपयोग होतो, कारण तेथे बायस बहुधा पुरवठ्याच्या निम्म्यावर बांधलेला असतो आणि पुरवठ्याबरोबर आपोआप वर सरकतो. हा एक दाखला सर्व पेडलांना सरसकट लावावा. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १६ व्होल्टचे आहेत का, हे पाहू नये. मॅक्स-१०४४ सारखी चार्ज पंप, म्हणजे व्होल्टेज उलटवणारी किंवा वाढवणारी, चिप, जिची मर्यादा १० व्होल्टच्या आसपास आहे, आत बसवलेली आहे का, हेही विचारू नये; ती स्वतःच एकदा आणि अखेरचे कळवील.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहेच, त्यांनी प्रत्येक कलेक्टर निम्म्या व्होल्टेजवर आणल्याशिवाय झोपू नये. लंडनच्या डॅलस कंपनीच्या रेंजमास्टर या बूस्टरमध्ये ओसी४४ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ९ पैकी ७ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्या असमतोलातूनच त्याचा लाडका आवाज निघतो; ही चूक आपण सुधारून टाकावी. जर्मेनियमचा गळती प्रवाह तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो, तेव्हा बायस डिसेंबरच्या पहाटे लावावा आणि मे महिन्यात नागपूरच्या उघड्या मंचावर निर्धास्तपणे वाजवावे.

शेवटी हा रेंजमास्टर इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरच्या फाटेदार वायरवर जोडावा. त्याचे ग्राउंड पुरवठ्याच्या धन टोकाला असते, इतरांचे ऋण टोकाला, आणि पेडलांमधल्या केबलची ग्राउंडला जोडलेली जाळी दोन्हींची गाठ घालून देते. सगळी पेडले एकदम गप्प झाली आणि अडॅप्टर तापू लागला, तर दोष केबलचा आहे असे जाहीर करून अधिक महागडी केबल मागवावी. शॉर्ट खरोखर तिच्यातूनच झालेला असल्यामुळे आपल्याला कोणी खोटेही पाडू शकणार नाही.