कॉम्प्युटर टायमिंग ‘शिकतो’ म्हणणाऱ्यांसाठी

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे १९६९ची शेव्हरोले कॅमेरो आहे. ३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन, वर चार बॅरलचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब). परवा त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, खाली ओळ: ‘मामा, किट मागवलंय.’ मागवल्यावर सांगतोय! व्हिडिओतल्या गृहस्थांचं म्हणणं असं: कार्ब काढा, त्या जागी थ्रॉटल बॉडीवालं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवा, दुपारभराचं काम. पन्नास हॉर्सपॉवर वाढते, ॲव्हरेज दुप्पट होतं, जुनीच पेट्रोल लाइन चालते, आणि मिश्रण असो वा टायमिंग (ठिणगी कधी पडायची ती वेळ), कॉम्प्युटर सगळं आपलं आपण शिकतो. जाता जाता इतिहासही शिकवलाय: त्या काळी हे तंत्र नव्हतंच, म्हणून कार्ब होते.

इतिहास आधी उरकतो. क्रायस्लरने १९५८ साली बेंडिक्स कंपनीचं ‘इलेक्ट्रोजेक्टर’ हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन गाड्यांवर बसवून विकलं होतं. जेमतेम पस्तीसेक गाड्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेकांवर पुन्हा कार्ब चढवावे लागले. तंत्र होतं, टिकत नव्हतं.

पन्नास हॉर्सपॉवरचं म्हणाल, तर नॅस्कार या अमेरिकन कार-शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या गाड्या २०११च्या मोसमापर्यंत कार्बवरच धावत होत्या आणि आठशेच्या वर हॉर्सपॉवर काढत होत्या. बिघडलेला कार्ब काढून इंजेक्शन लावलं की फरक दिसणारच. पण तो बिघाड गेल्याचा. कार्ब नीट लावलेला असेल, तर पूर्ण थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) फारसं काही हाती लागत नाही.

आता त्या ‘शिकण्या’बद्दल. हे एकच वाक्य इंजिन फोडू शकतं. किटसोबत एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर येतो. मिश्रणात पेट्रोल जास्त की हवा, एवढंच तो सांगतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोलचा तक्ता सुधारत जातो. ठिणगी वेळेआधी पडली हे त्या सेन्सरला कळायचा मार्गच नाही. त्यासाठी सिलिंडरमधला ठोका ऐकणारा नॉक सेन्सर लागतो, आणि तो अशा बहुतेक किटमध्ये नसतो. टायमिंगचा तक्ता माणसाने भरायचा. चुकीचा भरला तर कॉम्प्युटर तीच चूक इमानेइतबारे दर फेरीला करणार.

त्यात जुना डिस्ट्रिब्यूटर (एकेका सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा भाग) स्वतःच टायमिंग पुढे नेतो, म्हणजे ठिणगी आधी पाडतो; यालाच ॲडव्हान्स म्हणतात. आत दोन वजनं स्प्रिंगवर असतात. आरपीएम वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि क्रँकच्या हिशेबाने वीसेक अंश ॲडव्हान्स देतात. बाजूचा व्हॅक्यूमचा डबा हलक्या थ्रॉटलवर आणखी दहा-पंधरा अंश देतो. ही वजनं मोकळी ठेवून कॉम्प्युटरच्या हाती टायमिंग दिलं, तर कॉम्प्युटरला वाटतं आपण ३४ अंश दिले, आणि प्रत्यक्षात ठिणगी पडते चोपन्नला. पूर्ण थ्रॉटलला असं झालं की रिंगांमधली पिस्टनची धार तुटायला वेळ लागत नाही. म्हणून होली कंपनीच्या ‘स्नायपर’ या अशाच इंजेक्शन किटचं सूचनापुस्तक सांगतं: टायमिंग कॉम्प्युटरकडे द्यायचं असेल तर डिस्ट्रिब्यूटर लॉक करा, म्हणजे त्याचा स्वतःचा ॲडव्हान्स बंद करा. व्हिडिओवाल्याने ते पान उघडलेलं दिसत नाही.

लॉक केल्यावरही संपत नाही. डिस्ट्रिब्यूटरमधल्या फिरत्या रोटरचं टोक ठिणगीच्या वेळी कॅपमधल्या (वरच्या झाकणातल्या) योग्य खांबासमोरच असायला हवं, नाहीतर ठिणगी शेजारच्या सिलिंडरच्या खांबावर उडी मारते. जुने मिस्त्री एका टाकाऊ कॅपला पहिल्या सिलिंडरच्या खांबाजवळ भोक पाडतात, ती कॅप बसवून इंजिन चालू करतात आणि टायमिंग लाइट (ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा) मारून रोटर कुठे ‘थांबलेला’ दिसतो ते बघतात. शिवाय स्क्रीनवरचा आकडा पुलीवरच्या खुणेशी जुळतो का, तेही त्याच लाइटने पाहायचं. दुपारभरात?

पेट्रोल लाइनबद्दल मला हसू येत नाही. कॅमेरोचा यांत्रिक पंप पाच-सात पीएसआय दाब देतो. स्नायपरला ५८ लागतात. कार्बच्या गाड्यांवरचा साधा ३०आर७ दर्जाचा रबरी पाइप ५० पीएसआयपर्यंतचा असतो, आणि तोही नवा असताना. गरम एक्झॉस्टशेजारी तो फुटला तर आगच.

अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करतो. थंडीत चोकशी झटापट नको, घाट चढताना जेट (कार्बमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोंडं) बदलायला नकोत, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरम कार्बमध्ये उकळण्याची कटकट नाही. ॲव्हरेजही थोडं सुधारू शकतं. दुप्पट मात्र नाही. (उलट हौशी मंडळी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून ठेवतात आणि मग पेट्रोलच्या नावाने रडतात. आधी ती नळी लाव म्हणावं, फुकट आहे.)

भाच्याला सांगितलंय: किट मागवलंच आहेस तर आधी पेट्रोलची टाकी उतरव, आत पंप बसव, परतीची लाइन टाक, पाइप जास्त दाब झेलणारे ३०आर९चेच घे. एक मोसम फक्त पेट्रोल कॉम्प्युटरकडे दे. टायमिंग डिस्ट्रिब्यूटरकडेच राहू दे. लॉक करायचं ठरलं की व्हिडिओ कॉल कर, आणि टायमिंग लाइट हातात असेल तरच कर.