अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी आणि ‘गंजत नाही, मग काळजी कशाची?’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

मासेमारीसाठी अ‍ॅल्युमिनियमची जुनी, छोटी होडी घेऊन ती दुरुस्त करू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, म्हणून होडीचे वय पाहू नका, रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) गळत असतील तर आतून सिलिकॉन भरा आणि तेवढ्याने भागले नाही तर डाग देण्याच्या (ज्योतीने वितळवून फट भरण्याच्या) कांड्या वापरा, मागचा लाकडी ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची उभी भिंत) कुजला असेल तर तिथे रासायनिक प्रक्रिया केलेले, न कुजणारे प्लायवूड बसवा, तळाला तांबेयुक्त शेवाळरोधक रंग द्या, मधले बाक कापून सपाट डेक टाका, शनिवार-रविवारात होडी नवी होते. यातले प्रत्येक वाक्य वरवर पटण्यासारखे आहे, म्हणूनच त्याची एकेक करून तपासणी करणे भाग आहे. माझ्या मते अशा होड्यांचे मोठे नुकसान वयामुळे होत नाही. ते पत्र्याला काय चिकटवले आणि कशाच्या सान्निध्यात ठेवले, यामुळे होते, आणि पुष्कळदा ते दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातून होते.

पहिले विधान अर्धे खरे आहे. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो. मात्र हा थर टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. ओल्या गालिच्याखाली, बाकाखालच्या भिजलेल्या फोममध्ये किंवा कोपऱ्यात साचलेल्या चिखलात तो पोहोचत नाही, आणि त्यात खारे पाणी असेल तर पत्र्याला बारीक खड्डे पडू लागतात. दुसरी अडचण भिन्न धातूंच्या संपर्काची. पितळेची पाणी काढण्याची नळी खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला लागून असेल, तर झिजतो तो पत्रा. म्हणून गोड्या पाण्यात वापरलेली कित्येक दशकांची होडी ठणठणीत आणि खाऱ्या पाण्यातली अगदी अलीकडची होडी पोखरलेली असू शकते. वय पाहू नका हे ठीक. पण मग पांढरी भुकटी, रंगाचे फुगवटे आणि ट्रान्समच्या तळाचा पत्रा तरी पाहिलाच पाहिजे. संशयास्पद जागी बोथट स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे आणि अंधार पडल्यावर होडीखालून दिवा फिरवून आतून बारीक छिद्रे शोधावीत. तिथे प्रकाशाचा एखादा ठिपका दिसला की विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीचा विचार नव्याने करावा.

सिलिकॉनचा सल्ला सर्वांत सोपा आणि सर्वांत महागात पडणारा आहे. रिव्हेट गळतो तो सैल झाल्यामुळे. लाटांच्या माऱ्याने पत्रा लवत राहतो आणि दोन पत्र्यांमधली पकड ढिली होते. आतून लावलेल्या सिलिकॉनमुळे ही पकड परत येत नाही. शिवाय पाण्याचा दाब बाहेरून आत असल्याने तो थर पत्र्यापासून ढकलला जातो. त्याहून वाईट म्हणजे खरवडल्यावरही सिलिकॉनचा अदृश्य लेप मागे राहतो आणि त्यावर पुढे ना रंग धरत, ना इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारी राळ). आधी गळणारे रिव्हेट नेमके ओळखावेत. होडी नीट आधार देऊन ठेवावी, आत थोडे पाणी ओतावे आणि बाहेर जिथे थेंब येईल तिथे खूण करावी. पाणी थोडेच हवे : तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे 300 किलो भार, आणि तो पेलण्यासाठी ट्रेलरचे दोन आडवे दांडे पुरेसे नसतात. खुणा झाल्या की एकाने आतून जड लोखंडी ठोकळा रिव्हेटवर दाबून धरावा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडीने ठोकावे. बरेचसे रिव्हेट एवढ्यानेच पुन्हा आवळले जातात. जे आवळत नाहीत ते काढून भरीव रिव्हेट घालावेत. ठोकळा पोहोचत नसेल तिथे सीलंट लावून बंद टोकाचे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने हत्याराने ओढून बसवायचे) घालावेत. साधे पॉप रिव्हेट पोकळ असतात, त्यांच्या मधूनच पाणी येते.

डाग देण्याच्या कांड्या साधारण 400 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात आणि अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना, म्हणून त्या सुरक्षित आहेत असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. पृष्ठभागावरचे ऑक्साइड 2000 अंशांच्या वरच वितळते, त्यामुळे ते घासूनच काढावे लागते, आणि एकमेकांवर चढलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत ब्रश जात नाही. होड्यांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 5052 मिश्रधातूच्या पत्र्याला थंड अवस्थेत लाटून कडकपणा दिलेला असतो. सुमारे 345 अंशांवर तो मऊ पडतो. म्हणजे कांडी वितळण्याआधीच तिथला पत्रा दुबळा झालेला असतो. शेजारचे रिव्हेट तापून सैल होतात ते निराळेच, आणि बाकाखालचा फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो.

ट्रान्समबाबतचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याचे परिणाम वरून दिसत नाहीत. लाकूड कुजू नये म्हणून त्यात मुरवलेल्या रसायनांमध्ये बहुधा तांब्याची संयुगे असतात. आर्सेनिक असलेली जुनी प्रक्रिया मागे पडल्यावर आलेल्या कित्येक प्रक्रियांत तर तांब्याचे प्रमाण वाढलेच आहे. लाकूड ओले झाले की हे तांबे पाण्यात उतरते, लागूनच्या अ‍ॅल्युमिनियमवर बसते आणि पत्रा आतून पोखरू लागते. प्लायवूड शाबूत राहते आणि त्याला धरून ठेवणारा पत्रा चाळणी होतो. इंजिन मात्र त्याच जागेवर टांगलेले असते. मध्ये रंगाचा थर दिला की झाले, असे यावर सांगितले जाते. पण बोल्टचे प्रत्येक छिद्र तो थर भेदते. योग्य पर्याय साध्या मरीन प्लायवूडचा. तेही आपोआप कुजण्यापासून वाचत नाही. त्याचा गोंद पाण्याला टिकतो आणि थरांमध्ये पोकळ्या नसतात, इतकेच. म्हणून मूळ जाडीइतके थर इपॉक्सीने जोडावेत, कडांवर इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत, बोल्टची छिद्रे मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि ती सुकल्यावर नेमक्या मापाने पुन्हा पाडावीत. स्टेनलेस बोल्ट घालताना नायलॉनचे वॉशर आणि सीलंट वापरावे.

तांबेयुक्त रंगाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. कारण तेच आहे, फक्त इथे तांबे थेट तळावर फासले जाते. ट्रेलरवरून नेऊन काम झाल्यावर पाण्याबाहेर काढल्या जाणाऱ्या होडीला शेवाळरोधक रंग मुळात लागतच नाही.

बाक कापण्याच्या सल्ल्यात दोन गोष्टी विसरल्या जातात. बाक ही केवळ बसायची जागा नाही. ते दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवतात आणि त्यांच्या पोटातला फोम होडीत पाणी भरले तरी तिला तरंगती ठेवतो. शंभर लिटर कोरडा फोम साधारण 95 किलो भार तरंगत ठेवू शकतो. भिजलेला फोम काढलाच पाहिजे, पण त्याच्या जागी बंद पेशींचा (सहसा पाणी न शोषणारा) तेवढाच फोम भरला पाहिजे. त्यातही पॉलिस्टायरिन पेट्रोलने विरघळते हे ध्यानात ठेवावे. उलट डेकसाठी घातलेल्या 18 मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायवूडचे वजन 30 किलोच्या घरात जाते, आणि उंच डेकवर उभा राहिलेला माणूस होडी कलंडण्याचा धोका वाढवतो. होडीवरच्या पट्टीवर लिहिलेली भारक्षमता या बदलाआधीची असते.

राहता राहिले दोन दिवस. इपॉक्सीला पूर्ण ताकद यायलाच बहुधा आठवडा लागतो. शनिवार-रविवारात होण्यासारखे काम एकच आहे : बाकांची झाकणे उघडणे, फोम दाबून पाहणे, पाण्याची चाचणी घेणे आणि ट्रान्समवर हातोडीने हलके ठोकून आवाज कुठे भद्द येतो ते ऐकणे. विक्रेता एवढे करू देत असेल, तर ते पैसे देण्याआधीच करावे.