नाक्यावरच्या शिपायाच्या हातात काय दिलं होतं?

‘इंग्लंडमधले लोक शिस्तीचे, म्हणून तिकडच्या पोलिसांना काठी उगारावी लागली नाही. आपल्याकडे लाठीशिवाय कोण ऐकतं?’ करोनाचा विषय निघाला की मुंबईच्या नातेवाइकांकडून हे अजूनही हमखास ऐकायला मिळतं. समोरचा पक्षही ठरलेला असतो. तो भर उन्हात रस्त्यावर उठाबशा काढणाऱ्या माणसांचे व्हिडिओ पाठवतो आणि पोलीस म्हणजे हेच, असं सांगतो. ती दोन वर्षं मी लंडनमध्ये होतो आणि माझा आतेभाऊ मुंबई पोलिसांत हवालदार म्हणून बंदोबस्तावर होता. मला हे दोन्ही पक्ष पटत नाहीत.

शिस्तीचं आधी बोलू. २५ जून २०२० ला बोर्नमथच्या समुद्रकिनाऱ्यावर एवढी गर्दी उसळली की आपत्कालीन यंत्रणा कामाला लावावी लागली. पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार ऐन टाळेबंदीत गाडी काढून लंडनहून डरहॅमला गेले. खुद्द पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या परिसरात पार्ट्या झाल्या. त्या प्रकरणात लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी पुढे दंडाच्या १२६ नोटिसा काढल्या आणि त्यातली एक बोरिस जॉन्सन यांच्या नावाची होती. तेव्हा इंग्रज माणूस जन्मतःच नियम पाळतो, हा समज सोडलेला बरा.

फरक होता तो पोलिसांच्या हातात काय दिलं यात. इंग्लंडमध्ये २६ मार्च २०२० ला नियम लागू झाले. ते मोडले तर सुरुवातीला ६० पौंडांची नोटीस मिळायची आणि १४ दिवसांत भरले तर ३० पौंडांवर भागायचं. दंड भरला की विषय संपला, गुन्हेगार म्हणून कुठे नोंद नाही. पोलिसांना क्रमही ठरवून दिला होता: आधी बोला, मग समजवा, मग विनंती करा आणि सगळ्यात शेवटी कारवाई करा. त्या एप्रिलमध्ये आमच्या जवळच्या बागेत मी हे पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. दोन पोलीस आले, अंतर राखून उभे राहिले आणि त्यांनी चौकशी केली. गृहस्थ म्हणाले, गुडघे दुखतात, एका दमात फेरी होत नाही. पोलिसांनी आपसांत दोन शब्द बोलून त्यांना दम खाऊ दिला आणि ते पुढे गेले. बाकावर बसून राहायला तेव्हा मनाई होती, पण कुठे नजर सैल करायची हे त्या दोघांना ठरवता येत होतं, आणि त्याबद्दल वरिष्ठ जाब विचारतील अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली नाही.

म्हणून तिथे सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. डर्बीशायर पोलिसांनी डोंगरात फिरायला गेलेल्यांचं ड्रोनने चित्रण करून ते जाहीर केलं. न्यूकॅसल स्टेशनवर एका बाईने प्रवासाचं कारण सांगितलं नाही म्हणून तिला अटक झाली आणि चुकीच्या कायद्याखाली ६६० पौंड दंड ठोठावला गेला. जुलै २०२० मध्ये पोलीसप्रमुखांच्या परिषदेच्याच विश्लेषणात दिसलं की कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्याकांना दंड होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दीडपटीहून जास्त आहे. माझ्यासारख्या सावळ्या माणसाला ते वाचून धक्का बसला नाही, संताप मात्र आला. मार्च २०२१ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन मैदानावर, एका पोलिसानेच खून केलेल्या तरुणीला श्रद्धांजली वाहायला जमलेल्या बायकांना मेट्रोपॉलिटन पोलिसांनी जमिनीवर पाडून बेड्या घातल्या.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. न्यूकॅसलची शिक्षा रद्द झाली. तिथल्या सरकारी अभियोग खात्याने करोना कायद्याखालचे खटले तपासायला घेतले, त्या विशेष कायद्याखाली लावलेले आरोप चुकीचे होते असं निघालं आणि खात्याने ते स्वतःच जाहीर केलं. क्लॅपहॅमच्या बाबतीत उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी आयोजक महिलांचे हक्क डावलले असा निकाल दिला. तिथे चुका कमी झाल्या असं मी म्हणत नाही. त्या कागदावर आल्या, एवढंच म्हणतो.

आता मुंबई. टाळेबंदी लागली तेव्हा पोलिसांच्या हातात होता १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जमावबंदीचं कलम १४४ आणि सरकारी आदेश मोडल्याबद्दलचं भारतीय दंडविधानाचं कलम १८८. म्हणजे मास्क नाही, दुकान उशिरा बंद केलं, विनाकारण बाहेर पडला, तर थेट फौजदारी गुन्हा. त्यातही, १८८ ची दखल न्यायालय ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकत होतं, नुसत्या एफआयआरवर नाही. एवढ्या लोकांसाठी हे कुणी करणार नाही, हे प्रत्येक ठाणे अंमलदाराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग नाक्यावर उरतं काय? एकतर सोडून द्यायचं, नाहीतर जागच्या जागी शिक्षा करायची. उठाबशांचे व्हिडिओ तिथून आले. लाठी पडली ती लोक ऐकत नव्हते म्हणूनच नाही. नियम राबवायची मधली पायरीच तेव्हा शिपायाला दिलेली नव्हती. ज्याने रागाच्या भरात कुणाला फोडून काढलं त्याला यातून सूट मिळत नाही. तमिळनाडूत सातनकुळमला दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवल्याच्या आरोपावरून पकडलेले बापलेक जून २०२० मध्ये पोलिसांच्या मारहाणीनंतर मेले, तो तर खूनच.

त्यात आदेश सारखे बदलायचे. जून २०२० च्या शेवटी मुंबईत घरापासून दोन किलोमीटरची मर्यादा आली, गाड्या जप्त झाल्या आणि आठवडाभरात मर्यादा गेली. एप्रिल २०२१ मध्ये गाड्यांना रंगीत स्टिकर आले: डॉक्टरांना लाल, भाजीपाला-किराण्याला हिरवा, इतर अत्यावश्यक सेवेला पिवळा. तेही आठवड्याच्या आत बंद. आतेभाऊ सांगायचा, सकाळी ज्याला अडवलं त्यालाच संध्याकाळी सोडायचं आणि तो विचारणार, ‘साहेब, मग सकाळी काय होतं?’ याला उत्तर नसायचं.

आणि तरीही मुंबई पोलिसांनी जे केलं ते लंडनच्या पोलिसांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तेव्हा मजुरांचे अर्ज घेण्याचं काम पोलीस ठाण्यांवर आलं. नाव, गावचा पत्ता, आधारची झेरॉक्स, मोबाइल नंबर, डॉक्टरांचा दाखला. आतेभावाच्या ठाण्यात हे गठ्ठे जिल्ह्यानुसार लावून, याद्या करून, एकेकाला फोन करून बोलवायचं आणि बसमध्ये बसवून स्टेशनवर सोडायचं, हे गुन्हे तपासणारीच माणसं करत होती. फोन लागला नाही की ठाण्यातला एखादा पोरगा वस्तीत शोधायला जायचा, कारण त्या माणसाची गाडी चुकली तर पुढची कधी हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ‘आपले पोलीस वाईट’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे ऐकवतो.

खात्यानेही शिकून घेतलं. एप्रिलमध्ये सहकारी दगावल्यावर ५५ वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं गेलं. थकलेल्यांना विश्रांती मिळावी म्हणून मे महिन्यात राज्याने केंद्रीय दलाच्या तुकड्या मागवल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलिसांना आघाडीचे कर्मचारी म्हणून लस मिळू लागली. ब्रिटनमध्ये लस वयाच्या क्रमाने दिली गेली आणि तिथले पोलीस आपला नंबर यायची वाट बघत राहिले. याबाबतीत भारताचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण दिवसभर अनोळखी माणसांच्या जवळ जाणं हेच ज्याचं काम, त्याला आधी वाचवायला हवं.

मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने १८८ खालचे करोनाकाळातले गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं. चांगलं झालं, पोरांच्या पासपोर्टच्या, नोकरीच्या पडताळणीतली अडचण गेली. पण खटल्यांबरोबर चौकशीचा प्रश्नही बासनात गेला. कुठल्या हद्दीत कुणावर, कशासाठी गुन्हे लावले, याचा हिशेब लोकांपुढे यायला हवा होता. साथीच्या काळासाठी छोट्या दंडाची, गुन्हा न ठरणारी तरतूद आणि नाक्यावर वाचता येईल असा एका पानाचा मराठी आदेश, या दोन गोष्टींची मागणी मुंबईतल्या माझ्या माणसांनी करावी, असं मला कळकळीने वाटतं. लाठी हवी की नको हा वाद त्यानंतरचा.

महाराष्ट्रात शेकडो पोलीस करोनाने गेले. कुटुंबांना ५० लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. पण त्यातला कोण रुग्णालयाच्या दारावर उभा होता, कोण प्रतिबंधित वस्तीत आणि कोण स्टेशनच्या गर्दीत, हे ठाण्याठाण्याच्या ड्युटीच्या नोंदींतून आजही काढता येईल. पुढच्या साथीत कुठल्या बंदोबस्ताला कुणाला पाठवायचं नाही, हे त्या यादीवरून कळेल. ती यादी करायला नवा कायदा लागत नाही.