‘खालच्या’ कोर्टातला माणूस

परवा एक पक्षकार उठता उठता सहज बोलून गेले, "मॅडम, खालच्या कोर्टात काय व्हायचं ते होऊ द्या, आपण वर बघू." माणूस भला, बोलण्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. तालुक्याच्या कोर्टात वकिली करत मला बावीस वर्षं झाली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, त्याच्या घशाला कोरड पडते, सरतपासात धडाधडा बोलणारा उलटतपासात अडखळतो, हे सगळं इथं घडतं. वर जातो तो कागद.

म्हणून आज एका ‘खालच्या’ कोर्टातल्या न्यायाधीशाबद्दल लिहिते आहे. बरेच दिवस लिहायचं होतं. पोस्ट लांबणार आहे, सवडीनं वाचा.

फ्रँक एम. जॉन्सन ज्युनियर. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, फेडरल डिस्ट्रिक्ट जज. फेडरल म्हणजे केंद्राच्या न्यायव्यवस्थेतला, आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे तिची पहिली पायरी: दावा इथं दाखल होतो, साक्षी इथं होतात, ज्यूरी इथं बसते. देशभर असे 94 जिल्हे आहेत. या न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि मग तो तहहयात. पगार कमी करता येत नाही. घालवायचं तर महाभियोग. अलाबामाच्या स्वतःच्या राज्य न्यायालयांत मात्र न्यायाधीश निवडणूक लढवून येत, आणि त्या काळात बहुसंख्य काळ्या माणसांना मतदारयादीत शिरूच दिलं जात नव्हतं. तेव्हा तिथला न्यायाधीश कुणाकडे बघून निकाल देत असेल ते सांगायला नको. तहहयात नेमणुकीवर माझे आक्षेप आहेत, पण 1955 च्या माँटगोमेरीत दुसरं काहीही टिकलं नसतं, हे मला मान्य करावंच लागतं.

जॉन्सन यांचा जन्म 1918 चा, विन्स्टन काउंटीतला. अलाबामाच्या उत्तरेचा हा डोंगराळ, गरीब मुलूख. 1861 मध्ये अख्खं राज्य अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा इथल्या लोकांनी विरोध केला होता, म्हणून ‘फ्री स्टेट ऑफ विन्स्टन’ असं नाव पडलं. चार लोक म्हणतात म्हणून मान डोलवायची नाही, ही त्या मातीची सवय. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या आघाडीवर ते जखमी झाले. त्याआधी अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना त्यांच्या वर्गात जॉर्ज वॉलेस होता, चांगला मित्रच. हाच वॉलेस पुढे राज्याचा गव्हर्नर, म्हणजे निवडून आलेला राज्यप्रमुख, आणि वर्णभेदाचा सगळ्यात मोठा आवाज झाला.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जॉन्सनना नेमलं तेव्हा वय होतं 37. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्येच सांगून टाकलं होतं. सांगितलं खरं, पण अमलात कोण आणणार? राज्य सरकार आणणार नव्हतं, पोलीस आणणार नव्हते. ते ओझं येऊन पडलं दक्षिणेतल्या काही मोजक्या जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर. त्यांतल्या अनेकांनी ते टेबलाखाली सरकवलं.

जॉन्सन यांच्यासमोर पहिलं मोठं प्रकरण आलं ते माँटगोमेरीच्या बसचं. बसमधली जागा गोऱ्यांसाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आपल्याला ठाऊक असतात, पण बसमधला वर्णभेद कायद्यानं संपवला तो चार वेगळ्या बायकांच्या दाव्यानं: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. कॉल्व्हिन पंधराव्या वर्षी जागा सोडली नाही म्हणून पकडली गेली होती, पार्क्सच्या नऊ महिने आधी. मे 1956 मध्ये ती साक्षीला उभी राहिली. हे सगळं बाहेरच्या पुढाऱ्यांनी भरवलेलं आहे, असं शहराच्या वकिलाला तिच्या तोंडून काढायचं होतं. तुमचा नेता कोण, असं तो खोदून खोदून विचारत राहिला. पोरगी म्हणाली, आमचे नेते आम्हीच. उलटतपासात अशा प्रश्नांवर भलेभले घसरलेले मी पाहिले आहेत.

तीन न्यायाधीशांचं पीठ होतं. जॉन्सन आणि रिचर्ड राइव्ह्ज एका बाजूला, सेबर्न लिन दुसऱ्या. 5 जून 1956 ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला, आणि डिसेंबरमध्ये काळ्या लोकांनी बसवर घातलेला बहिष्कार संपला.

याची किंमत काय मोजली, तर घराच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत. धमक्या कायमच्या झाल्या. फेडरल मार्शल दाराशी पहारा देत. ज्यांच्याशी उठबस होती त्यांनी तोंड फिरवलं. एप्रिल 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला, म्हातारी थोडक्यात वाचली. आणि 1975 मध्ये त्यांच्या एकुलत्या, दत्तक घेतलेल्या मुलानं आत्महत्या केली. त्याची कारणं शोधण्याचा अधिकार मला नाही. त्यानंतरही तो माणूस कोर्टात बसत राहिला, एवढंच माझ्या मनातून जात नाही.

वॉलेसची एक गोष्ट सांगते. 1959 च्या सुरुवातीला तोही राज्यातला एक न्यायाधीशच होता. मतदारनोंदणीची दप्तरं केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला दाखवायला त्यानं जाहीर नकार दिला. जॉन्सननी हुकूम काढला. वॉलेसनं बाहेर गर्जना केल्या आणि आतल्या दारानं, ग्रँड ज्यूरीच्या (खटला भरावा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हातून, दप्तरं गुपचूप पोचती केली. न्यायालयाचा अवमान केला म्हणून आपल्याला तुरुंगात टाकावं, म्हणजे मतं पदरात पडतील, असा हिशोब होता. जॉन्सननी त्याला निर्दोष सोडलं आणि निकालात कारण लिहिलं: यानं दप्तरं आडमार्गानं का होईना दिलेली आहेत. लोकांसमोर शूर झालेल्या माणसाचं खरं वागणं असं कागदावर आलं. पुढे वॉलेस प्रचारात जॉन्सनना खोटारडा म्हणत हिंडला. जॉन्सननी बाहेर उत्तर दिलं नाही. जे म्हणायचं ते निकालपत्रात म्हटलं होतं.

आता सेल्माकडे येते, कारण इथं मला आपलं महाड दिसतं.

7 मार्च 1965, रविवार. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या लोकांना पुलावर पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, अश्रुधूर सोडला. दोन दिवसांनी पुन्हा निघायचं ठरलं. मोर्चेकरी संरक्षण मागायला जॉन्सनकडे गेले होते, आणि जॉन्सननी काय केलं? सुनावणी होईपर्यंत मोर्चा थांबवा, असा तात्पुरता मनाई हुकूम काढला! मार्टिन ल्यूथर किंग लोकांना घेऊन पुलापलीकडे गेले, तिथं प्रार्थना केली आणि परत फिरले. त्यांचीच तरुण पोरं भडकली.

डिसेंबर 1927 मध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह करायला हजारो माणसं महाडला जमली होती. त्याच्या थोडंच आधी, 14 डिसेंबरला, महाडच्या दिवाणी न्यायालयानं बाबासाहेबांविरुद्ध तात्पुरती मनाई दिली. परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी लोकांची समजूत घालून पुढे ढकलला. आलेल्या माणसांच्या मनाची तेव्हा काय कालवाकालव झाली असेल! दोघांनीही कोर्टावर विश्वास टाकला, आणि दोघांच्याही माणसांना तो गिळणं जड गेलं.

पुढे काय झालं? जॉन्सननी लगोलग सुनावणी लावली. कोर्टात अंधार करून त्या रविवारची फिल्म दाखवली. जॉन लुईस, ज्यांचं डोकं त्या पुलावर फुटलं होतं, त्यांनी पुढे आठवण सांगितली आहे की दिवे लागल्यावर न्यायाधीश उठले, झगा सारखा केला, मान हलवली आणि काही वेळ कामकाज थांबवलं. 17 मार्चला मोर्चाला परवानगी देणारा निकाल आला. त्यातला एक विचार मी माझ्या वहीत उतरवून ठेवला आहे: हमरस्त्यावरून शांततेनं चालण्याचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाविरुद्ध चालायचं तो किती मोठा आहे त्यावर ठरावं.

वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. मला त्या निकालाला जोडलेली योजना जास्त मोलाची वाटते. रस्ता चौपदरी असेल तिथं कितीही लोक, दुपदरी असेल तिथं जास्तीत जास्त 300. जेवण. ट्रकवर न्यायचे संडास आणि हातपाय धुण्याची सोय. कचरा उचलायला गाडी. रुग्णवाहिका. दुपदरी टप्प्यावर उरलेल्या लोकांना परत न्यायला वाहनं. संस्थांत, सरकारांत, विद्यापीठांत हक्कांवर भाषणं होतात. 54 मैल चालणाऱ्या माणसाला संडास कुठे, हे साक्षीपुरावा घेणाऱ्या न्यायाधीशाच्याच कागदावर येतं.

आणि महाडचं? तात्पुरती मनाई फेब्रुवारी 1928 मध्ये उठली. 1931 मध्ये महाडच्याच न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. मग ठाण्यात अपील, मग मुंबई उच्च न्यायालय. तिथला शेवटचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. तारीख योगायोगानं तीच. तिथं सगळं मिळून दहा दिवस, इथं दहा वर्षं. पण ‘खालच्या’ न्यायालयानं 1931 मध्येच बरोबर निकाल दिला होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

जॉन्सन चुकलेही. टस्कीगी शहराची हद्द अशी वेडीवाकडी आखली गेली की जवळजवळ सगळे काळे मतदार शहराबाहेर पडावेत. ते प्रकरण त्यांनी 1958 मध्ये आपल्या अधिकारात नाही म्हणून फेटाळलं, आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मी त्यांना देवळात बसवायला निघालेली नाही. उलट यामुळेच मला ते जवळचे वाटतात. कायदा जिथंवर नेतो असं त्यांना वाटलं तिथंवर ते गेले, चळवळीचे झाले नाहीत.

1970 नंतरचं त्यांचं काम तर आणखी कमी लोकांना माहीत आहे. टस्कलूसात ब्राइस नावाचं सरकारी मनोरुग्णालय होतं, सुमारे 5000 रुग्ण. पैसे कमी पडले म्हणून कर्मचारी काढले, आणि त्यातून दावा उभा राहिला. वादी रिकी वायट, पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला मानसिक आजार नव्हता, वांड म्हणून आणून टाकलेला. जॉन्सननी 1971 मध्ये म्हटलं, उपचारासाठी म्हणून माणसाला कोंडता, तर उपचार मिळणं हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. राज्याला सहा महिने दिले. काही झालं नाही. मग 1972 मध्ये निकष घालून दिले: दर 8 रुग्णांमागे एक संडास, दर 15 रुग्णांमागे अंघोळीची एक जागा, एका खोलीत सहापेक्षा जास्त माणसं नकोत, नळाचं गरम पाणी किती अंश, खोली उन्हाळ्यात किती तापू द्यायची, हिवाळ्यात किती गारठू द्यायची.

चार वर्षांनी तुरुंगांवर निकाल दिला. एका तुरुंगात चार फूट बाय आठ फुटांच्या कोठडीत सहा सहा माणसं कोंबली जात. खाट नाही, दिवा नाही, पाणी नाही. जमिनीत एक भोक, तोच संडास, आणि त्यात पाणी सोडायचं तर बाहेरच्यानं सोडायचं.

न्यायाधीशानं इस्पितळं आणि तुरुंग चालवायचे का, असा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. आरोप पोकळ नाही. पण ब्राइसचे बरेचसे निकष दोन्ही पक्षांनी मिळून मान्य केलेले होते. आणि ज्याला मत नाही, ज्याच्यासाठी कुणी पुढारी बोलणार नाही, त्यानं जायचं कुठे? राज्य हलत नाही म्हणून ती माणसं कोर्टात आली होती. त्यांना ‘सरकारकडे जा’ म्हणून परत पाठवणं म्हणजे दार लावून घेणंच. माझं मत जॉन्सन यांच्या बाजूनं आहे.

1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं, तब्येतीनं साथ दिली नाही. 1979 मध्ये ते अपील न्यायालयात गेले. 1995 मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा मोठा नागरी सन्मान मिळाला, 1999 मध्ये माँटगोमेरीतच गेले. ब्राइसचा दावा त्यांच्या पश्चात 2003 मध्ये संपला. तेहेतीस वर्षं.

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी सांगितलं की मूळ न्यायालयाला ‘लोअर कोर्ट’ म्हणायचं थांबवा. ओक साहेबांची वकिली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरू झाली होती. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

माझ्याकडे एका आजींचं प्रकरण आहे, विहिरीकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेचं. प्रतिवादी म्हणे, वाट कधी नव्हतीच. कोर्ट कमिशनरच्या नकाशावर दोन्हीकडून हरकती. शेवटी न्यायाधीश म्हणाले, मी स्वतः जागा पाहतो. भर पावसात आले, पॅन्ट दुमडलेली, सोबत शिरस्तेदार छत्री धरून. आजींना म्हणाले, आजी, तुम्ही रोज जाता तशा जाऊन दाखवा. आजी कळशी घेऊन निघाल्या. खाली न बघता पाय बरोबर दगडावर पडत होते. न्यायाधीश खाली वाकले, दगडावरचा चिखल बोटांनी बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिले.

त्यांची बदली होऊन चार वर्षं झाली. निकालाविरुद्ध अपील चालू आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. निकालपत्राच्या नवव्या परिच्छेदात एक ओळ आहे: वाटेवरचे सातही दगड मधोमध झिजलेले असून खळग्यात पावसाचं पाणी साचलेलं आढळलं.