“नागपुरात कुठली आली एवढी थंडी?” म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा लांबण लावतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात, थंडीत पहाटे ट्रॅक्टर चालू होत नसेल तर ग्लो प्लग (चालू करायच्या आधी इंजिन आतून तापवणारा छोटा विजेचा हीटर) अन् बॅटरी पहा असं मी लिहिलं होतं, त्यावर यांचं म्हणणं असं की ग्लो प्लग अन् बॅटरीचं पुराण हिमाचलवाल्यांना सांगा, डिझेल काय इथं गोठते का, आपल्याकडं पेट्रोलचा फडका एअर क्लीनरच्या तोंडाशी धरला की ट्रॅक्टर चालू होतो, चावी काम करत नसेल तर पान्यानं स्टार्टरचे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरचे, टर्मिनल जोडून तो डायरेक्ट करायचा, वीस वर्षांपासून हेच करून राहिलो, काही झालं नाही, शेतकऱ्याला उगाच घाबरवू नका.

आधी थंडीचं. २३ मे २०१३ चं ४७.९ आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण २९ डिसेंबर २०१८ ला याच नागपुरात पारा ३.५ वर आला होता ते कोणाच्या लक्षात नाही. अन् ते वेधशाळेतलं माप, काटोल-नरखेडकडं नाल्याकाठच्या बागेत पहाटे काय असते ते तुम्हीच सांगा. बरं, ३.५ काही रोज होत नाही, हे कबूल. एरवी हिवाळ्यात पहाटे दहा-बारा, कधी आठ. पण मग मला हे सांगा, दहा डिग्रीत धडधाकट डिझेल इंजिन मुकाट्यानं चालू व्हायला पाहिजे की नाही? त्याला रोज सकाळी फडका काहून लागते?

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते हे तुम्हाला माहीत आहे. हवा दाबून दाबून सोळा-अठरा पट लहान करायची, त्या दाबानंच ती तापून पाचशेच्या वर जाते अन् नोझलमधून उडालेलं डिझेल पेट घेते, डिझेलला आपोआप पेटायला दोन-सव्वादोनशे डिग्री पुरतात. म्हणजे हिशोब भरपूर हातचा ठेवून केलेला आहे. पण इंजिन रात्रभर गार पडलेलं असते, लोखंड ती उष्णता ओढून घेते, ऑइल घट्ट झालेलं असते, बॅटरीचा जोर थंडीत कमी झालेला असते, इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा पिस्टनवरच्या रिंगांच्या बाजूनं निसटते अन् जो हातचा होता तो संपतो. सगळा खेळ उष्णता अन् फिरायचा वेग या दोन गोष्टींचा आहे. फडक्यानं यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

तुमचा ट्रॅक्टर मोठा, जुन्या घडणीचा असेल असा माझा अंदाज आहे, त्यात डिझेल सरळ पिस्टनवर उडते अन् ग्लो प्लग नसतेच. मी लिहिलं होतं ते संत्र्याच्या बागेत दोन ओळींतून फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल, वीस-चोवीस एचपीवाल्या. त्यातल्या बऱ्याच इंजिनांत, विशेषतः जपानी घडणीच्या, डिझेल आधी वरच्या छोट्या कप्प्यात उडते, त्या कप्प्याचं लोखंड जास्त उष्णता खाते, म्हणून तिथं ग्लो प्लग दिला आहे. चावी हीटवर धरायची, पुस्तकात दिले असतील तेवढे सेकंद थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. आपले पोट्टे चावी एका झटक्यात पार फिरवतात अन् मग म्हणतात कंपनीनं भंगार दिलं.

आता पेट्रोल. डिझेल नोझलमधून वेळेवर उडते, पिस्टन वर पोचता पोचता. पेट्रोलची वाफ मात्र हवेसोबतच आत शिरते, पिस्टन खाली असतानाच सिलिंडरभर पसरलेली असते, ती कधी पेटेल याचा कोणाला भरोसा नाही. त्यात ग्लो प्लग तापलेला असेल तर त्याचं टोक आठशे-नऊशे डिग्रीला लाल असते, पिस्टन अर्ध्या वाटेत असतानाच भडका उडतो अन् वर चढणाऱ्या पिस्टनला तो खाली रेटतो. इंजिन चालू करायला मारतात तो इथरचा स्प्रे तर याहून वाईट, इथर १६० च्या आसपासच पेटते. कळमेश्वरकडच्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये असं खोललेलं इंजिन पाहिलं, वरच्या रिंगचे तीन तुकडे, पिस्टनची रिंग बसते ती कड मूषकानं कुरतडल्यासारखी, अन् मालक म्हणत होता काल संध्याकाळपर्यंत मस्त चालू होता. शिवाय पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढते ते वेगळंच. रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन म्हणजे हवा दाबायचा जोर कमी होते, पुढच्या हिवाळ्यात फडका आणखी ओला करावा लागते. तुमच्या ‘काही झालं नाही’मध्ये हे धरलं आहे का?

पण खरं सांगू का, फडक्यापेक्षा मला तुमचं ते पान्याचं वाक्य जास्त खटकलं. हँडब्रेक धरत नाही म्हणून आपल्याकडं अर्धे ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उभे करतात. सीटवर बसून चावी मारली तर क्लच दाबलेला असते, नव्या ट्रॅक्टरमध्ये तर क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. मागच्या चाकापुढं उभं राहून पान्यानं दोन टर्मिनल जोडले की ती सगळी सोय बाजूला पडते, इंजिन लागलं की गाडी त्याच क्षणी पुढं सुटते अन् चाक माणसावरून जाते. ट्रॅक्टरच्या अपघातांत माणसं मरायची ही जुनी, ओळखीची रीत आहे. यावर मी घाबरवतच राहणार, राग आला तरी चालेल.

डिझेल गोठण्याचं म्हणाल तर लडाखसारखं इथं होत नाही, तिकडं इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न गोठणारं वेगळं डिझेलच काढलं. पण आपल्या देशाच्या डिझेलच्या मानकातही दोन ऋतू आहेत. ज्या तापमानाला डिझेलनं फिल्टर तुंबू लागते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलचं जास्तीत जास्त ६ डिग्री असू शकते, उरलेल्या महिन्यांच्या डिझेलचं १८. सप्टेंबरात भरलेला ड्रम डिसेंबरच्या पहाटे वापरला तर थंडीनं डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये धरू शकते. धरेलच असं नाही. तो ड्रम आधी संपवा अन् थंडीचं डिझेल थंडीत आणा, एवढंच.

आता तुमच्या ट्रॅक्टरकडं या. उद्या पहाटे फडका न लावता क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं ओझं स्टार्टरवर येत नाही, अन् सायलेन्सरकडं पहा. पांढरा धूर येत असेल, डोळ्यात झोंबणारा, तर डिझेल पोचून राहिलं पण पेटून नाही राहिलं, म्हणजे वेग किंवा कॉम्प्रेशन कमी. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही, बंद करायचा नॉब ओढलेला राहिला का ते पहा, मग फिल्टर, मग डिझेलच्या पंपानं एअर घेतली, म्हणजे त्यात हवा शिरली का ते. दहा सेकंदांच्या वर स्टार्टर रगडू नका, मध्ये मिनिटभर सोडा. अन् बॅटरीचे टर्मिनल खोलून पहा. वरून क्लॅम्प घट्ट बसलेला दिसते पण काढला की आत पांढरं-हिरवं पीठ धरलेलं असते, तसंच चेसिसला जाणारी अर्थची पट्टी बऱ्याचदा रंगावरच कसलेली असते. गरम पाणी, वायर ब्रश, पॉलिश पेपर, खर्च जवळपास शून्य.

एक मल्टीमीटर घ्या, कोणाकडून उसना आणला तरी चालते. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ दाखवते का, अन् स्टार्टर फिरत असताना किती खाली येते, हे दोन आकडे इथंच लिहा. साडेनऊच्या खाली गेली तर दोष बॅटरीत नाहीतर जोडणीत. वरच राहिली अन् तरी फडका लागत असेल तर नोझल अन् कॉम्प्रेशन तपासायला लागेल. मॉडेल अन् साल पण लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.