क्रेग वूड यांचे १९४१ साल

एका हंगामात दोन किंवा अधिक मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या चार स्पर्धांपैकी, जिंकणाऱ्या गोल्फपटूंचा विषय निघाला की बॉबी जोन्स, बेन होगन, टायगर वूड्स ही नावे ओघाने येतात, आणि ती यायलाच हवीत. क्रेग वूड यांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते, आणि हे मला मनापासून खटकते, कारण एकाच वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकणारे पहिले गोल्फपटू तेच होत.

वूड आठवले जातात ते बहुधा १९३५च्या मास्टर्समुळे. ऑगस्टा येथे ते आपली फेरी संपवून बसले होते आणि तीन फटक्यांची आघाडी त्यांच्या हातात होती. तेवढ्यात मागून खेळत येणाऱ्या जीन सॅराझेन यांनी पंधराव्या होलवर सुमारे २३५ यार्डांवरून मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. पार पाचचा, म्हणजे पाच फटके अपेक्षित असलेला होल दोनच फटक्यांत संपला (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो), सगळी पिछाडी एका क्षणात भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवण्यासाठी झालेल्या छत्तीस होलच्या प्लेऑफमध्ये सॅराझेन जिंकले. तो फटका अजरामर झाला आणि वूड त्या गोष्टीतले पराभूत पात्र होऊन राहिले. १९३३ची ब्रिटिश ओपन आणि १९३९ची यूएस ओपन त्यांनी अशीच प्लेऑफमध्ये गमावली होती, तर १९३४च्या पीजीए या चौथ्या मेजरचा अंतिम सामना ज्यादा होलवर. चारही मेजर असे हातातोंडाशी येऊन निसटल्यावर एखाद्याने उमेद सोडली असती, तर त्याला दोष देता आला नसता.

१९४१ साली एकोणचाळीस वर्षांच्या वूड यांनी मास्टर्सची पहिलीच फेरी ६६ फटक्यांत पूर्ण केली आणि चारही फेऱ्यांअखेर आघाडी राखून तीन फटक्यांनी विजेतेपद मिळवले. त्यानंतर फोर्ट वर्थच्या कलोनियल क्लबवर, दुखऱ्या पाठीला आधाराचा पट्टा बांधून, त्यांनी यूएस ओपनही तीनच फटक्यांनी जिंकली. यातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: मास्टर्समध्ये दुसरे आलेले बायरन नेल्सन म्हणजे १९३९च्या प्लेऑफमध्ये त्यांना हरवणारे, आणि यूएस ओपनमध्ये दुसरे आलेले डेनी शूट म्हणजे १९३३ साली सेंट अँड्र्यूजला त्यांना हरवणारे. पुढे युद्धामुळे १९४२ ते १९४५ यूएस ओपन झालीच नाही. वूड १९६८ साली वारले आणि वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश व्हायला २००८ साल उजाडले. इतका उशीर मला अन्यायच वाटतो.

मार्क ओमेरा यांनाही असेच दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाते. वयाच्या ४१व्या वर्षी, १९९८ साली, त्यांनी अखेरच्या होलवर सुमारे वीस फुटांवरून पट मारून, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत होलमध्ये घालून, मास्टर्स जिंकली आणि त्याच वर्षी रॉयल बर्कडेलला ब्रिटिश ओपनही, तरी त्यांचा उल्लेख अजून टायगर वूड्सचे मित्र असाच होतो.

महिला गोल्फमध्ये हे दुर्लक्ष अधिक गडद आहे. १९८६ म्हटले की ४६ वर्षांच्या जॅक निकलस यांची मास्टर्स सर्वांना आठवते, आणि ती विसरण्याजोगी नाहीच. पण त्याच वर्षी पॅट ब्रॅडली यांनी महिलांच्या चारपैकी तीन मेजर जिंकल्या आणि उरलेल्या यूएस विमेन्स ओपनमध्ये त्या संयुक्त पाचव्या आल्या. पुढे १९८८ साली थायरॉइडच्या ग्रेव्हज आजाराने त्यांचा खेळ पार कोलमडला, तरी उपचार घेऊन त्या पुन्हा मैदानात उतरल्या आणि १९९१च्या हंगामात त्यांनी चार स्पर्धा जिंकल्या. १९८६ साल कोणाचे, असे मला विचारले तर निकलस यांच्याबद्दलचा पूर्ण आदर राखूनही मी ब्रॅडली यांचेच नाव घेईन.