थंडीत लेकरांना कोंडून ठेवू नका

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश दरवर्षी उगवतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला, शब्द न् शब्द तोच. थोडक्यात असा: 'पाच वर्षांखालच्या मुलांना डिसेंबर ते फेब्रुवारी घराबाहेर काढू नका. थंड हवा छातीत बसते, तिचाच न्यूमोनिया होतो. प्रवास, शेतावर जाणं, बोरन्हाण टाळा. केळी, पेरू, संत्री, दही बंद करा. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवा, ओव्याची धुरी द्या, छातीला कापूर आणि ब्रँडी चोळा. बाहेर न्यावंच लागलं तर आधी सर्दीच्या औषधाचा एक डोस देऊन ठेवा. प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा.'

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि जानेवारीत आम्ही तिला घेऊन हुरड्याला जाणार आहोत. मी कदाचित हा संदेश नेहमीसारखा सोडून दिला असता. पण तो वाचून माझ्या जाऊबाईंनी त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाचं बोरन्हाण रद्द केलं, म्हणून लिहायला बसले. पाठवणाऱ्यांच्या पोटात मायाच आहे, याबद्दल मला शंका नाही. तरी यातल्या काही ओळी लेकरांच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिला मुद्दा थंड हवेचा. सर्दी होते विषाणूंमुळे. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीला १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ फक्त सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना अंघोळीनंतर ओलेत्याने गार वाऱ्यात उभं केलं, ओले मोजे घालायला लावले. नुसत्या गारठ्याने त्यांना सर्दी झाली नाही. हेही खरं की, नाक गार पडलं की हे विषाणू तिथे अधिक जोमाने वाढतात आणि कोरड्या हवेत नाकाचं अस्तर सुकतं. म्हणजे थंडी विषाणूला थोडी मदत करते. पण तो आधी लेकराच्या नाकापर्यंत पोहोचायला हवा, आणि तो पोहोचतो खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसाकडून, हातांवरून, बंद खोलीतल्या त्याच त्या हवेतून. मोकळ्या शेतात ही शक्यता कितीतरी कमी. संदेश मात्र सांगतो की सगळ्यांनी मिळून एका खोलीत दारं लावून बसा.

थंडीच आजार आणत असती, तर आपल्याकडे पावसाळ्यात दवाखाने ओसंडून वाहिले नसते. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट बहुतेकदा जुलै ते सप्टेंबरात येते. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू २००९ मध्ये पुण्यात झाला, तो महिना ऑगस्ट होता. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे तसं नेहमीचंच आहे. त्यातली एखादी सहलीनंतर दोन दिवसांनी येणारच. मग आपण बोट दाखवतो सहलीकडे, आणि आदल्या आठवड्यातलं लग्नाचं खचाखच भरलेलं कार्यालय विसरतो.

आणि आपली थंडी ती केवढी? पुण्यात जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो, दुपारी तोच तिशीला टेकतो. फिनलंडमध्ये आईवडील बाळाला नीट गुंडाळून, शून्याखालच्या तापमानातही बाबागाडीत घराबाहेर झोपवतात, तिथली ती रोजची रीत आहे. आपण तसं करावं असं मी म्हणत नाही. पण दुपारी बाराच्या उन्हात ज्वारीच्या शेतात खेळणाऱ्या पोराला कसली थंडी बाधणार?

या संदेशात एक खरी गोष्ट लिहायला हवी होती, तीच राहिली. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची हवा त्या मानाने उबदार. त्यामुळे गाड्यांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, बांधकामाची धूळ सगळं खालीच अडकून राहतं. शहरातून दिसणारी ती दुधी झालर बऱ्याचदा निव्वळ धुकं नसते. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उठते आणि कोंडलेलं मोकळं होतं. म्हणून मी लेकीला पहाटे फिरायला नेत नाही, नऊ-साडेनऊनंतर नेते. ज्या मुलाला दमा आहे, जे कमी दिवसांचं जन्मलंय, जे अजून दोन-तीन महिन्यांचं आहे किंवा ज्याला ताप आहे, त्याचा विचार वेगळाच करायचा, तोही त्याच्या डॉक्टरांना विचारून. शिवाय संदेशात कोवळ्या उन्हाला गॅलरीत काचेआड बसवा असंही कुणीतरी जोडलंय. ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं ते काचेतून जवळजवळ येतच नाहीत.

कपड्यांचं एक सोपं माप आहे: आपण जितके थर घातलेत त्यापेक्षा लेकराला एक जास्त. दोन स्वेटर, जाकीट, मफलर, कानटोपी असं सगळं चढवून पोराला गाडीत बसवलं की ते आतून घामेजतं, आणि ओला झालेला बनियन मग वाऱ्याला लागतो. मानेमागे हात घालून पाहा. मान कोरडी आणि उबदार असली की झालं, हातपाय जरा गार लागले तरी चालतात. तान्ह्या बाळाला घरात झोपवताना टोपी मात्र काढावी.

आता न्यूमोनिया. हा शब्द वाचला की आईचं काळीज चरकतं, म्हणूनच तो तिथे घातलाय. न्यूमोनिया जिवाणूंमुळे किंवा विषाणूंमुळे होतो. त्यातल्या एका मोठ्या कारणावर, न्यूमोकोकसवर, लस आहे. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वयात. घरातला धूर न्यूमोनियाचा धोका वाढवतो, आणि हा संदेश ओव्याची धुरी द्यायला सांगतो! त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं बाळ पन्नास किंवा अधिक, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. मोबाईलवर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.

शेगडीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं. लहान मूल नुसतं पेंगुळतं, आणि आपल्याला वाटतं, उबेत छान झोपलंय. हेच बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचं. हिवाळ्यात पोराला वारा लागू नये म्हणून आपण न्हाणीघराची खिडकी लावतो आणि गीझर चालू ठेवतो. तो गीझर खोलीबाहेर हवा. नसेल तर पाणी आधी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा, आणि मगच लेकराला आत न्या. तुम्ही हा संदेश कुणाला पाठवला असेल, तर निदान एवढं त्यांना आज फोन करून सांगा.

कापूर पोटात गेला तर थोड्याशा मात्रेनेही लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराच्या वड्या देव्हाऱ्यात खालच्या फळीवर असतात आणि रांगणारं मूल दिसेल ते तोंडात घालतं. कापूर असलेली मलमं दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नयेत. ब्रँडी चोळण्याने ऊब येते हा भासच आहे: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता बाहेर निघून जाते. पोटात गेली तर लेकराच्या रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते. आमच्या आज्यांनी हे उपाय केले ते प्रेमापोटी केले, हे मला मान्य आहे. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे.

फळांबद्दल फार लिहायला नको. पेरू, केळं, संत्रं यांनी कफ होतो याला आधार नाही. पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं. फळ फ्रीजमधून थेट देऊ नका, पेरूच्या बिया काढून द्या, बास. उलट हिवाळ्याच्या या तीन महिन्यांत मुलांना चांगली फळं मिळतात.

सर्दीच्या औषधाचा 'आधीच' डोस ही ओळ वाचून मी दोन मिनिटं सुन्न बसले. असं कुठलंही औषध सर्दी टाळत नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन या नेहमीच्या जोडीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली लेकरं खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली, त्यातल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा संचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत. त्या आईबापांनीही औषध दिलं ते पोराला बरं वाटावं म्हणूनच. वर्षभराच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी झोपताना चमचाभर मध पुरतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

हुरड्याला आम्ही जातो ते सोलापूर रस्त्याला, नात्यातल्यांच्या शेतावर. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजतात, गरम कणीस तळव्यावर चोळलं की कोवळे हिरवे दाणे सुटतात, सोबत गूळ, लसणाची चटणी, दही. गेल्या वर्षी माझी लेक पहिल्यांदा मातीत अनवाणी चालली. परतताना भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहून 'गुलाबी बगळे' म्हणाली. रात्री तिला खोकलाबिकला काही आला नाही, पण आला असता तरी मी तिला यंदा नेलं असतं. तिथे मी डोळ्यांत तेल घालून पाहते ती आगटी. वर राख दिसते, आत निखारे असतात, आणि पोरं त्यावरून धावतात. धुराच्या उलट्या बाजूला बसायचं आणि उजनीवर नावेत बसलो तर लाइफ जॅकेट घालायचं, हेही ठरलेलं.

त्याच रस्त्याला ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागतात. पाचटाच्या झोपडीत तान्ही बाळं, आई पहाटे चारला फडात. त्या आईला 'घराबाहेर काढू नका' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नवजात बाळाला थंडी खरोखर बाधते, अंग गार पडून ते दगावू शकतं, आणि त्यावरचा उपाय आहे आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून बाळ धरणं. संदेश फिरवायचाच असेल तर हा फिरवा, आणि जाताना सोबत दोन लोकरी टोपडी, एक घोंगडी घेऊन जा.

राहिलं बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतायची बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे. संदेश याला थंडीसाठी नको म्हणतो. धोका आहे तो या ओंजळीतच. शेंगदाणा, बोराची बी, हलव्याचा दाणा, हौसेने उधळलेली गोळी पोराच्या श्वासनळीत जाऊ शकते. ठसका लागून मूल पुन्हा शांत झालं, पण खोकला किंवा छातीत शिट्टी राहिली, तर दाणा आत अडकलेला असू शकतो. डॉक्टरांना 'काहीतरी खाताना ठसका लागला होता' हे आवर्जून सांगा, नाहीतर त्यावर आठवडाभर सर्दीचे उपचार चालतात.

काल जाऊबाईंशी तासभर बोलले. बोरन्हाण आता रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहाला, त्यांच्या गच्चीवर आहे. ओंजळीत चुरमुरे, कुरमुऱ्याचे छोटे लाडू आणि फुलांच्या पाकळ्या. शेंगा, बोरं आणि हलवा मोठ्या मुलांना वेगळ्या वाट्यांत. ज्याला सर्दी असेल त्या पाहुण्याने लांबूनच आशीर्वाद द्यायचा.